सातवा प्रश्न

धंतोलीत, पहिल्या मजल्यावर. खाली रक्ततपासणीची लॅब.
मे महिना. कूलर नुसतीच गरम हवा ढकलत होता.
क्षितिज हेडाऊ, वय पंधरा, गोळीबार चौक,
खुर्चीच्या टोकावर असा बसलेला
की खुर्चीचा मालक आत्ता येईल आणि उठवेल.

माझ्यासमोर एका पानावर नऊ प्रश्न.
पाच 'हो' आले की त्याला नाव देता येतं.
चार आले तर नुसताच मुलगा.

"खेळत नसताना डोक्यात खेळच असतो?"
"असते ना."
हो.
"खेळायला नाही मिळालं तर चिडचिड?"
त्यानं दाराकडे पाहिलं. दारापलीकडे वडील,
कोराडीची दुसरी पाळी बुडवून आलेले,
मांडीवर हेल्मेट, हेल्मेटात गुंडाळलेली गुणपत्रिका.
"मोबाईल फेकला होता एकदा. काच माह्याच पायात गेली."
हो.
"सोडून पाहिलंस?"
"आठ दिवस. गच्चीवर बसत होतो.
समोरच्यायची टाकी रोज सत्तावीस मिनिटं वाहाते, मॅडम.
कोणीच मोटर बंद करत नाही."
मी लिहिलं : प्रयत्न फसला. हो.
टाकीसाठी रकाना नव्हता.

बाकीचे छंद सुटले का, विचारलं.
"कॅरम होता. पण आता गडीच नाही दुसरा."
हे सुटणं की सोडणं?
पेन्सिल उचलली, ठेवली. नाही, असं लिहिलं.

सातवा मी नेहमी शेवटी विचारते.
तोवर पोरं खोलीला सरावतात.
तोवर चार झाले होते.
"किती वेळ खेळतोस, याबद्दल घरी खोटं बोललास कधी?"

पहिल्यांदाच तो विचार करत बसला.
खालून कोणीतरी नाव पुकारलं, कोणाचा तरी रिपोर्ट आला.
"खोटं बोलाले," तो म्हणाला,
"कोणी विचारलं तं पाहिजे ना."

तक्रार नव्हती. बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं.

हा प्रश्न मीच मराठीत आणला होता, सात वर्षांपूर्वी,
जेवणाच्या टेबलावर, भांडी तशीच ठेवून.
आधी 'फसवणूक' लिहिलं, खोडलं. मग 'लपवाछपवी'. तेही खोडलं.
शब्द किती चाळले मी,
पण त्या वाक्याला दोन माणसं लागतात
हे सुचलं नव्हतं.

"मॅडम, तुमचा पंप बंद हाय. पाणी चढून नाही राहिलं."
उठला, कूलरमागे हात घातला, वायर हलवली,
बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं.
पाणी खाकरलं, आणि वाळ्याचा वास आला.

वडील आत आले. "किती आले?"
तोच आवाज, जो निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकात असतो.
मी म्हटलं, बसा. पाळीवरून घरी किती वाजता येता?
"बारा. कधी साडेबारा."
तेव्हा हा काय करत असतो?
त्यांनी हेल्मेट या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.
"दाराखालून लाईट दिसते.
मले वाटे, लहानपणासारखा लाईट लावून झोपते.
म्हणून नाही विचारलं. पोरगा मोठा झाला आता, लाजन."

क्षितिज कूलरपाशीच उभा, पाठमोरा.
"हेल्मेट ठेवल्याचा आवाज येते," तो जाळीला म्हणाला.
"मंग मी गेमचा आवाज बंद करतो.
तुमाले झोप लागली पाहिजे म्हणून."

कोणी काही बोललं नाही.
पानाचा कोपरा गार हवेनं उचलू लागला,
मी त्यावर पेन्सिल आडवी ठेवली.
सातव्यापुढच्या दोन्ही चौकटी
अजून कोऱ्या आहेत.